अमर नायक, आजची नायिका आणि तिचा नकार

रात्रीची भांडी आवरली, उद्याची भाजी निवडून ठेवली, की जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी बायका-मुली मोबाइलवर एखाद्या कथामालिकेचा पुढचा भाग उघडतात. त्यांतल्या बऱ्याच मालिकांचा साचा आता ओळखीचा झालाय. नायिका आजची, नोकरी करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी. नायक तीनशे-चारशे वर्षांचा, पण दिसायला तिशीचा. कधी रक्त पिणारा, कधी पौर्णिमेला लांडगा होणारा, कधी शाप भोगणारा राजपुत्र. पैसा अमाप, शब्द खाली पडू न देणारा. पहिल्या चार-पाच भागांतच तो तिला सांगून टाकतो, ‘तू माझी आहेस.’ या प्रकाराला पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात. वाचणाऱ्या मात्र ‘ती व्हॅम्पायरवाली’, ‘ती अल्फावाली’ असंच म्हणतात.

या गोष्टींबद्दल घराघरांत दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे हा सगळा कचरा, यानं पोरी बिघडतात. दुसरं म्हणजे करमणूकच ती, वाचू दे. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हीकडे वाचणारीला काय हवंय हे विचारायचं राहून जातं. स्वतःच्या पगारावर जगणारी, कुणाचं ऐकून न घेणारी बाई हुकूम सोडणाऱ्या पुरुषाची गोष्ट आवडीनं का वाचते? याचं उत्तर आहे. ते नीट कळलं, तर यातली कुठली गोष्ट वाचावी आणि कुठली बंद करावी, हेही ज्याचं त्याला ठरवता येतं.

खानदेशाला अमर माणूस काही नवा नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, तेराशे मीटरहून उंच असा अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास तिथं यात्रा भरते. हे अश्वत्थाम्याचं ठिकाण. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो या रानात फिरतो, जखमेला लावायला तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं लोक सांगतात. तिकडे बऱ्हाणपूरजवळचा असीरगड आज मध्य प्रदेशात असला, तरी जुन्या खानदेशाचाच. तिथल्या महादेवाला पहाटे कुणीतरी ताजं फूल वाहून गेलेलं असतं आणि तो अश्वत्थामाच, अशी आख्यायिका आहे.

महाभारतातला त्याचा शाप नीट वाचला, तर एक गोष्ट लक्षात येते. सौप्तिक पर्वात कृष्ण त्याला मरण देत नाही. तीन हजार वर्षं भटकशील, अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी येईल, आणि कुणाशी बोलणंसुद्धा तुझ्या नशिबी नसेल, असं सांगतो. जखमेपेक्षा ही शेवटची शिक्षा मोठी आहे. आपल्या परंपरेत न मरणं हे वरदान असू शकतं तसं शिक्षाही असू शकतं, आणि त्या शिक्षेचा गाभा एकटेपण आहे.

मोबाइलवरचा अमर नायक नेमका याच एकटेपणातून घडलेला असतो. तीनशे वर्षांत त्याच्याशी मोकळेपणानं कुणी बोललेलं नाही, आणि ही मुलगी बोलते. गोष्टीची पहिली कळ इथं दाबली जाते. त्याच्या जखमेला तेल लावणारी जगात आपणच एक, असं नायिकेला वाटतं आणि तिच्याबरोबर वाचणारीलाही. पण अश्वत्थाम्याची जखम आली कुठून? झोपेत असलेल्या पाच पोरांना त्यानं मारलं, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, म्हणून त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला गेला. जखम त्याची, आणि कारणही तोच. लोक त्याला तेल देतात, त्याची दया करतात, पण त्याचं कृत्य कुणी विसरत नाही. मालिकांत बहुतेकदा उलटं असतं. नायकाचं दुःख म्हणजे पूर्वी कुण्या बाईनं केलेला दगा, त्यामुळे तो जो काही राग काढेल तो माफ. दुखावलेला पुरुष आणि दुखावणारा पुरुष हे दोघं एकच असू शकतात, हे लिहिणारी विसरली की गोष्ट घसरते.

मढ्याचा सरदार कसा झाला

रक्त पिणारा अमर पुरुष सुरुवातीला देखणा नव्हता. अठराव्या शतकात सर्बियाकडच्या खेड्यांतून ज्या बातम्या आल्या, त्यांतला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेलं, लालबुंद, तोंडाला रक्त लागलेलं शेतकऱ्याचं प्रेत. १७३२ साली ऑस्ट्रियन लष्कराच्या डॉक्टरांनी अशी उकरलेली प्रेतं तपासून अहवाल लिहिला आणि युरोपभर खळबळ उडाली. आज त्यामागचं कारण माहीत आहे. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो, शरीर फुगतं, रक्तासारखा द्रव तोंडावाटे बाहेर ढकलला जातो. कातडी आक्रसते आणि नखं वाढल्यासारखी दिसतात. थंडीत पुरलेलं प्रेत हळू कुजतं, म्हणून ते ‘ताजं’ वाटतं. प्रेतं उकरून त्यांची विटंबना करण्याचा प्रकार इतका वाढला, की १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपल्या राजवैद्याकडून चौकशी करून घेतली आणि त्यावर बंदी घातली.

या मढ्याला रेशमी कोट चढवला तो एका डॉक्टरानंच. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याच्या धुराळ्यानं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. १८१६ च्या त्या पावसाळी, काळोख्या दिवसांत जिनिव्हा तळ्याकाठच्या एका बंगल्यात कवी बायरन आणि त्याची मित्रमंडळी अडकून पडली आणि भुताच्या गोष्टी रचायची पैज लागली. बायरनचा तरुण डॉक्टर जॉन पॉलिडोरी तिथं होता. १८१९ साली त्याची जी कथा छापली गेली, तिच्यातला व्हॅम्पायर उमराव घराण्यातला, थंड डोळ्यांचा, बायकांना भुरळ घालणारा होता. बायरनवरूनच तो बेतला, असं मानलं जातं. म्हणजे आजच्या हुकमी, देखण्या अमर नायकाच्या मुळाशी एक खराखुरा, प्रसिद्ध, बायकांच्या बाबतीत बेफिकीर असलेला माणूस आहे.

पण तो अजून खलनायकच होता. पुढची शंभरेक वर्षं त्याला मारणं हाच बहुतेक गोष्टींचा शेवट असायचा. उन्हानं तो जळून जातो ही आज सगळ्यांना माहीत असलेली गोष्टसुद्धा १९२२ च्या एका जर्मन मूकपटानं रुळवली. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या प्रसिद्ध कादंबरीतला रक्त पिणारा काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखक त्याच्या बाजूनं गोष्ट सांगू लागले, त्याच्या मनात काय चाललंय ते लिहू लागले. मग २००५ साली अमेरिकेत एका शाळकरी मुलीच्या आणि अशा नायकाच्या प्रेमाची कादंबरी आली, आणि तो घरोघरी पोहोचला. आज मराठीत जे वाचलं जातं त्यातलं बरंचसं तिच्या सावलीत उभं आहे.

न मरण्याचे फायदे, गोष्टीपुरते

लेखिका नायकाला अमर का करते? भीतीसाठी म्हणावं, तर या गोष्टींत भीती फारशी नसतेच. अमरत्वामुळे तिची काही कामं सोपी होतात. पैशाचं उत्तर मिळतं: इतकी वर्षं जगलेल्याकडे जमीन, सोनं साठणारच. अनुभवाचं उत्तर मिळतं: त्याला बाईशी कसं वागावं, केव्हा गप्प बसावं हे ठाऊक असतं, किंवा असायला हवं.

पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते, आणि ती आपल्याकडच्या वाचकांना पटकन कळेल. अमर नायकाला आई नसते. बाप, भाऊबंद, नणंदा, मोठी जाऊ, कुणी नसतं. सगळे शतकांपूर्वीच गेलेले. त्याच्या घरात लग्न करून गेलं, तर चहा कुणाला आधी द्यायचा, डोक्यावर पदर कुठपर्यंत, कुळाचाराच्या रोटांच्या वेळी गहू कुणी दळायचे, मानपानाच्या साड्यांत कमी-जास्त काय झालं, यातलं काही येत नाही. लग्न एका माणसाशी होतं. आपल्या गावात लग्न एका माणसाशी होत नाही, ते सबंध घराशी, भावकीशी होतं. स्वयंपाकघरातल्या सत्तेची उतरंड जिनं रोज सोसलीय, तिला अमर नायकाच्या रिकाम्या वाड्याची ओढ का वाटते, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. त्या वाड्यातली शांतता हीच खरी चैन आहे. पुरुषाचा हुकूम चालतो तर चालू दे, निदान तो एकाच माणसाचा असतो.

हुकूम कुणाचा चालतो?

आता दुसरा भाग, वर्चस्वाचा. लांडग्याच्या गोष्टींत नायक ‘अल्फा’ असतो. कळपावर त्याची सत्ता, मादी त्याची ठरलेली, आणि हे सगळं ‘निसर्गाचा नियम’ म्हणून सांगितलं जातं. हा नियम मुळात चुकीच्या निरीक्षणावर उभा आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांना अनोळखी प्राणी एका जागी डांबले, की ते भांडतात आणि एक जण वरचढ होतो. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वत्र पसरली. पुढं त्याच मेकनं रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एवढंच कुटुंब असतं. पुढं चालणारा नर हा कुणाला हरवून आलेला सरदार नसतो, तो बाप असतो. साक्रीकडच्या माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या ठेलारींचा लांडग्याशी पिढ्यान्‌पिढ्या सामना आहे. त्यांनाही लांडगा जोडीनं आणि पिल्लांसाठी हिंडणारा म्हणूनच माहीत असणार. तेव्हा ‘मी अल्फा आहे, माझा स्वभावच असा’ असं कुणी म्हटलं, तर ते प्राणिशास्त्र नव्हे.

तरीही गोष्टीत ते आवडतं, आणि त्याचं कारण वाचणाऱ्याच्या हातात असलेल्या लगामात आहे. प्रेमकथेचा वाचकाशी एक न बोललेला करार असतो: शेवट गोड होणार. कितीही वादळं आली, तरी हा पुरुष शेवटी तिच्यापुढं झुकणार, हे वाचणारीला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. त्यामुळे त्याच्या रागाची, हुकमाची भीती तिला सुरक्षित अंतरावरून चाखता येते. नको वाटलं, तर ती मोबाइल उलटा ठेवते. गोष्टीत हुकूम नायकाचा दिसतो, पण चालतो वाचणारीचा.

१९८४ साली जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेनं प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायकांनी तिला जे सांगितलं, ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात ऐकायला मिळेल. हातात पुस्तक असलं, की तेवढा वेळ आपला. नवरा-पोरांना कळतं की आत्ता ही उपलब्ध नाही. दिवसभर सगळ्यांची काळजी त्या घेतात, त्यांची काळजी घेणारं कुणी नसतं, ती भूक गोष्टीतला नायक भागवतो. आणि त्यांना क्रूर नायक आवडत नव्हते. वरून कडक, आतून हळवा असा हवा होता, आणि तो हळवेपणा वेळेत दिसायला हवा होता. म्हणजे बाईला दडपलं जाणं आवडतं, हा निष्कर्ष तेव्हाही चूक होता, आजही आहे. जो सगळ्या जगाचं ऐकत नाही त्यानं आपलं ऐकावं, ही ती इच्छा आहे.

दोन प्रौढ माणसांनी आपसांत ठरवून एकानं हुकूम द्यायचा, दुसऱ्यानं ऐकायचं, अशी नातीही जगात असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिथं काय चालेल आणि काय नाही हे आधी बोललेलं असतं, आणि ‘थांब’ म्हटलं की त्याच क्षणी थांबावं लागतं. ज्याला थांबवता येत नाही त्याला वर्चस्वाचा खेळ म्हणत नाहीत, जबरदस्ती म्हणतात.

एकच प्रसंग, दोनदा

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक प्रसंग रचून दाखवते. समजा नायिका वैशाली, शहादा तालुक्यात तलाठी. जुने फेरफार तपासताना तिला एक सही दिसते, शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीवर. ‘अ’चं शेपूट खाली ओढून उजवीकडे वळवलेलं. तीच सही गेल्या आठवड्यात तिच्यासमोर एका माणसानं केलेली असते. तो माणूस, अभिराज, तिला पुन्हा भेटतो सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. दत्तजयंतीची थंडी आहे, तापीवरून वारा येतोय. तो एका घोड्याचा जबडा उघडून दात पाहतो आणि व्यापाऱ्याला सांगतो, ‘सहा वर्षांचा म्हणता, दहाच्या पुढचा आहे.’ घोड्याचं वय दातांवरून कळतं. याचं कशावरून कळावं, असं वैशालीच्या मनात येतं. इथवर गोष्ट छान जमली आहे.

मग तिच्या बदलीचा हुकूम येतो, अक्कलकुव्याच्या टोकाला. पहिल्या प्रकारात अभिराज मुंबईला एक फोन करतो. संध्याकाळी तिच्या दारात उभा राहून सांगतो, ‘तुझी बदली रद्द झाली. माझ्यापासून लांब जायचं नाही तुला.’ ती आधी चिडते, मग त्याच्या डोळ्यांत पाहते, मग विरघळते. भाग संपतो, खाली प्रतिक्रियांत बदामांच्या (हार्टच्या) चिन्हांचा पाऊस पडतो.

दुसऱ्या प्रकारात तो त्याच दारात उभा राहतो आणि विचारतो, ‘तलाठी मॅडम, बदली थांबवता येईल. थांबवू?’

‘नको.’

‘अक्कलकुवा लांब आहे.’

‘माहितीय. माझी नोकरी आहे, मी बघेन.’

‘बरं,’ तो म्हणतो, आणि जिना उतरून जातो.

लेखनाच्या दृष्टीनं दुसरा प्रकार जास्त ताकदीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या प्रकारात त्याची सत्ता आपल्याला आधीच माहीत होती, ती पुन्हा एकदा दिसली. नवं काही कळलं नाही. दुसऱ्यात, एका फोनवर सगळं फिरवू शकणारा माणूस फोन करत नाही, फक्त तिनं ‘नको’ म्हटलं म्हणून. त्याच्या ताकदीचं माप त्यानं न वापरलेल्या ताकदीतून मिळतं. शिवाय आता पुढचा भाग वाचावासा वाटतो: ती अक्कलकुव्याला जाईल, तिथं काय होईल, तो येईल का, बोलावल्याशिवाय येईल का? पहिल्या प्रकारात वैशालीची गोष्ट संपली, उरली ती त्याचीच. आणि बदली रद्द करणारा हात पुढं तिची नोकरी सोडायला लावणाराही हात असतो, हेही विसरू नये.

या परीक्षेला मी नकाराची परीक्षा म्हणते. कुठलीही अशी मालिका हातात आली, की तिनं पहिल्यांदा ‘नको’ म्हटलं तेव्हा काय झालं, तेवढं पाहायचं.

उर्वशी आणि दमयंतीनं हे आधीच सांगितलं होतं

मर्त्य आणि अमर यांच्या प्रेमाची आपली सगळ्यात जुनी गोष्ट ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे, पुरूरवा आणि उर्वशीची. तिथं अमर आहे ती बाई. शतपथ ब्राह्मणात ती राजाकडे राहायला येताना अटी घालते. त्यातली एक अट अशी, की माझी इच्छा नसताना माझ्याजवळ यायचं नाही. इतक्या जुन्या ग्रंथात, इतक्या स्पष्ट शब्दांत. सगळी सत्ता तिच्याकडे असूनही अट लपवलेली नाही, आधी सांगितलेली आहे. आणि अट मोडली, की ती निघून जाते. ऋग्वेदातल्या संवादात पुरूरवा तिच्या मागं मागं फिरतो, विनवतो, जीव देण्याची धमकीसुद्धा देतो. ती त्याला मरू नकोस म्हणते, पण परत येत नाही. एखाद्या पुरुषाच्या जीव देण्याच्या धमकीला बाईनं कसं उत्तर द्यावं, याचा हा नमुना आजही उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट वनपर्वातली. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम आले. चारही अमर, आणि चौघांनी नळाचंच रूप घेतलेलं. समोर पाच नळ. एका बाईभोवती इतकी अचाट सत्ता क्वचितच उभी राहिली असेल. ती सत्याची शपथ घालते, की मी मनानं नळाला वरलंय, तर तो मला ओळखू येऊ दे. आणि देव आपली चिन्हं प्रकट करतात: घाम नाही, पापणी लवत नाही, हारातलं फूल सुकत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याला घाम येतो, ज्याच्या अंगावर धूळ आहे, ज्याची सावली पडते, ज्याचा हार कोमेजलाय, त्याच्या गळ्यात ती माळ घालते.

देवांना राग येत नाही, उलट ते नळाला वर देऊन जातात. पण गोष्ट इथं थांबत नाही. स्वयंवराला उशिरा पोहोचणारा कली हे ऐकून पेटतो. देवांना सोडून हिनं माणूस निवडलाच कसा, म्हणून तो नळाच्या अंगात शिरतो, जुगारात त्याचं राज्य घालवतो, दमयंतीला रानात एकटं पाडतो. नकार पचवणारे अमर आणि नकाराचा सूड घेणारा अमर, दोन्ही एकाच आख्यानात आहेत. आजच्या मालिकांतला नायक या दोघांपैकी कोण, हे त्याच्या देखणेपणावरून कळत नाही.

मागच्या जन्मीची बायको

गोष्ट बंद करून दाराबाहेर आलं, की एक गोष्ट बदलते: गोड शेवटाचा करार तिथं नसतो. आणि अमर नायकाची भाषा बोलणारे पुरुष मात्र असतात.

‘आपलं नातं या जन्मीचं नाही’, ‘मागच्या जन्मी तू माझी होतीस’ हे वाक्य मालिकेत काळजाला भिडतं. महाराष्ट्रात तेच वाक्य कायद्याच्या पुस्तकातही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत हा प्रकार नावानिशी नोंदवला आहे: अंगात अलौकिक शक्ती आहे, आपण कुणाचा अवतार आहोत किंवा मागच्या जन्मी तू माझी बायको, नवरा वा प्रेयसी होतीस असं भासवून शरीरसंबंध ठेवणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कायदा करणाऱ्यांपुढं अशी प्रकरणं होती, म्हणूनच ही ओळ लिहावी लागली. बुवा, मांत्रिक, आणि आता मोबाइलवर ‘सोलमेट’ म्हणून भेटणारा कुणी, सगळ्यांचा डाव तोच: तुझी निवड आधीच झालेली आहे, तुला आता फक्त मान्य करायचंय. गोष्टीतलं ‘विधिलिखित जोडीदार’ हे प्रकरण मला म्हणूनच सगळ्यात खुपतं. वर्चस्वापेक्षाही जास्त, कारण त्यात तिला विचारण्याची जागाच उरत नाही.

बाकीच्या सवयींनाही कायद्यात नावं आहेत. नको सांगूनही मागं मागं येणं, तिच्या फोनवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. नोकरी सोडायला लावणं, पैसे हातात न देणं, माहेरी बोलू न देणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाच ठरतं, अंगावर हात उचलला नसला तरी. आणि हा कायदा लग्न न करता नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही लागू होतो. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२, आणि ऑनलाइन प्रेमात पैसे उकळले गेले तर १९३०.

हे सांगितलं म्हणून वाचू नका असं मी म्हणत नाही. उलट, जी मुलगी गोष्टीतल्या नायकाला ‘हे तुझं चुकलं’ असं म्हणू शकते, तिला बाहेरचा लवकर ओळखू येईल, असं मला वाटतं. आई-मुलीनं, मैत्रिणींनी या मालिकांवर मोकळेपणानं बोलावं. लपवून वाचलेल्या गोष्टीबद्दल भांडता येत नाही.

रूपांतराचा भाग

प्रत्येक मालिकेत शेवटी एक वळण येतंच. तो अमर, ती मर्त्य; पुढं काय? कधी तो माणूस होतो, कधी ती म्हातारी होत जाते आणि तो तसाच राहतो, आणि बहुतेकदा तो तिला आपल्यासारखं करतो. पुरूरव्याचीही गोष्ट शतपथात अशीच संपते: गंधर्वांनी दिलेल्या अग्नीचं यज्ञकर्म करून तो स्वतः गंधर्व होतो. पण तो ते स्वतः मागतो, स्वतः करतो.

मराठी लेखिकेला इथं लिहायला केवढं तरी आहे, आणि नेमका हाच भाग दोन परिच्छेदांत उरकला जातो. वैशाली अमर झाली, तर तिचा भाऊ, तिची भाचरं, शेजारची काकू, सगळी तिच्या डोळ्यांदेखत जाणार. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. साठ-सत्तर वर्षांनी तिला घ्यायला मुराळी कोण येईल? त्या गाण्यांतली बोली तरी तेव्हा कुणाला येत असेल का? ज्या सासरच्या गोतावळ्यातून सुटका म्हणून रिकामा वाडा हवासा वाटला होता, तोच रिकामेपणा आता माहेरापर्यंत पोहोचतो. हे तिनं अभिराजला विचारायला हवं आणि त्यानं खरं उत्तर द्यायला हवं, कारण यातून तो गेलेला आहे. त्याच्या आईचं काय झालं, शेवटी कोण उरलं, किती वर्षांनी तो आपल्या गावातल्या कुणालाच ओळखेनासा झाला, हे सगळं. मग तिनं एक भाग, दोन भाग, हवे तर दहा भाग विचार करावा. ‘नको’ म्हणायची तिची वाट शेवटच्या ओळीपर्यंत उघडी असावी, आणि ती त्या वाटेनं गेलीच, तर गोष्टीनं तिला शिक्षा करू नये.

बऱ्याच मालिकांत मात्र नायिकेला अपघात होतो, ती मरणाच्या दारात असते, आणि तो तिला वाचवण्यासाठी अमर करून टाकतो. शुद्धीवर येते तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. लेखिकेला हा मार्ग सोयीचा, कारण कुणालाच निर्णय घ्यावा लागत नाही. इतके भाग जिच्याबरोबर काढले, तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय ती बेशुद्ध असताना उरकला जात असेल, तर ती मालिका मी त्या भागावर सोडून देते.